वारियर मास्तरांचा एकुलता एक वाचक

थोडक्यात लिहावं, रोज लिहावं आणि कोणासाठी लिहितोय ते आधी ठरवावं, एवढ्या तीन गोष्टी अच्युत वारियर मास्तरांच्या गळी उतरवायला जिन्सीला अख्खा उन्हाळा लागला. यात जिन्सीचा काही दोष नव्हता. ज्यानं जन्मभर ओट्टपालमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्याच्या लेखी 'थोडक्यात' हा शब्द फक्त प्रश्नपत्रिकेत शोभतो. तिथेही तो मुलांसाठी असतो, मास्तरांसाठी नसतो.

मास्तरांच्या ब्लॉगवरचं पहिलं टिपण 'वाफ' या विषयावर होतं. ते वाफेच्या व्याख्येपासून निघालं, प्रेशर कुकरमध्ये शिरलं, तिथून आगगाडीच्या इंजिनात बसून इंग्लंडला जाऊन आलं, आणि इडलीपात्राचं झाकण मधेच का उघडू नये यावर येऊन थांबलं. जिन्सी ते फोनवर अंगठ्यानं वर सरकवत होती. सरकवता सरकवता तिनं अंगठा बदलला.

"मास्तर, हे संपतं का?"

"संपतं की. शेवटी इडली आहे."

"इडलीपर्यंत कोणी पोचायचं नाही."

जिन्सी ही शेजारच्या पौलोस चेट्टनची सून. नवरा दोह्याला, आणि ही घरी बसून कोचीच्या एका दंतवैद्यासाठी ब्लॉग लिहायची. 'हिरड्या का सुजतात', 'अक्कलदाढ: मित्र की शत्रू' अशी तिची टिपणं हजारो लोक वाचत. तिची स्वतःची दाढ कधी दुखली नव्हती, पण दुखणाऱ्याला काय वाचावंसं वाटतं हे तिला नेमकं ठाऊक होतं. त्यामुळे मास्तरांनी तिचं शिष्यत्व पत्करलं होतं. वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, ज्या मुलीला आपण नववीत 'पाठांतर आहे, समज नाही' असा शेरा दिला, तिच्यापुढे वही घेऊन बसणं सोपं नसतं. पण मास्तर बसले. त्याला कारण होतं.

"आधी हे सांगा, तुमचा वाचक कोण?" जिन्सीनं ओसरीवर बसून विचारलं.

"विज्ञानाची जिज्ञासा असलेला सर्वसामान्य नागरिक."

"असा माणूस नसतो, मास्तर. कोणीतरी एक खरा माणूस डोळ्यांपुढे आणा. वय काय, करतो काय, राहतो कुठे, खातो काय."

मास्तरांनी चष्मा काढून नेसत्या मुंडूच्या टोकाला पुसला. मग अंगणातल्या फणसाकडे पाहिलं.

"पुरुष," ते म्हणाले. "चाळिशीला आलेला. इंजिनिअर. फार थंडीच्या देशात राहतो. वेळ नसतो. मोठं काही वाचत नाही. जेवायला बसला की मीठ वरून घेतो."

जिन्सीचं पेन थांबलं. आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोची, भानुमतीची, किसणी चालू होती, तीही थांबली. मग नारळ पुन्हा खवला जाऊ लागला, जरा जास्तच जोरात.

त्यांचा मुलगा हरिगोविंद कॅनडात विनिपेगला होता. दर रविवारी तो फोन करायचा. व्हिडिओवर म्हातारा-म्हातारीला त्याचं अर्धं कपाळ दिसायचं, आणि त्याला या दोघांच्या डोक्यावरचा पंखा. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "मी पण. औषधं घेता ना?" एवढ्यात त्याला दुसरा फोन यायचा. एकदा मास्तरांनी त्याला विहिरीच्या पाण्याचं काहीतरी सांगायला घेतलं, तेव्हा तो म्हणाला होता, "अच्छन, हे लिहून पाठवत जा ना. वाचेन मी. फक्त छोटं लिहा." सहज म्हणाला असेल. पण शिक्षकाला कोणी 'वाचेन' असं म्हणू नये, तो खरं धरतो.

हरी सहा वर्षांत घरी आला नव्हता. आणि भानुमतीच्या हृदयाची एक झडप पुरती मिटत नव्हती. पेरिंतल्मण्णाच्या डॉक्टरांनी जिना बंद केला, मीठ बंद केलं आणि शस्त्रक्रियेचं नाव काढताना आवाज खाली आणला. मास्तर त्याच दिवशी हरीला फोन करणार होते, पण भानुमतीनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"त्याला सांगून काय होणार? तो तिकडून झडप बसवणार आहे?"

"येईल तरी."

"आजारी आहे म्हणून यायचं असेल तर नको. यावंसं वाटलं तर यावं. तुम्ही एक शब्द सांगायचा नाही."

मास्तरांनी शब्द दिला. मग आता उरलं काय? हरीला यावंसं वाटेल असं काहीतरी रोज, थोडक्यात, लिहिणं. ब्लॉगचं नाव त्यांनी 'थोडक्यात' ठेवलं, म्हणजे स्वतःलाही आठवण राहील.

ओट्टपालमसारख्या गावात माणूस लिहायला लागला की त्याला सल्ला द्यायला वाचण्याची गरज पडत नाही. पौलोस चेट्टननं कुंपणावरून सांगितलं की सिनेमावर लिहा, सिनेमावर सगळे भांडतात. न्हाव्यानं राजकारण सुचवलं. रहिवासी संघाचे सचिव सोमशेखर पिळ्ळै हे निवृत्त महसूल अधिकारी. ते एकटेच खरोखर वाचत, आणि संध्याकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबून शुद्धलेखनाच्या चुका वाचून दाखवत. ब्लॉगच्या कोपऱ्यात रोज किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा दिसे. तो पाचाच्या वर जात नव्हता. एक स्वतः मास्तर, दुसरी जिन्सी, तिसरे पिळ्ळै.

"चौथा मी," पौलोस चेट्टननं कबूल केलं. "मला त्यातलं कळत काही नाही. पण सून म्हणते, उघडत जा, बरं दिसतं."

पाचवा कोण, हे मास्तरांनी कोणाला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, अशी त्यांना भीती होती.

पहिली अब्रू गेली ती विहिरीपायी. 'विहीर आणि शोषखड्डा यांच्यात किमान साडेसात मीटर अंतर हवं. आपल्या गल्लीत ते किती घरांत आहे?' एवढंच टिपण. जिन्सीनं पाठ थोपटली: प्रश्नानं संपवलं, वाचक विचारात पडेल. पडलाच. पिळ्ळै विचारात पडले, कारण त्यांचा शोषखड्डा सगळ्या गल्लीला माहीत होता, आणि विचारांती त्यांनी ते टिपण छापून, वर 'योग्य कार्यवाहीसाठी' असं लिहून पंचायतीत दिलं. आठवड्यात आरोग्य निरीक्षक बाई टेप घेऊन हजर. तक्रार ज्याची, तपासणी त्याच्यापासून सुरू, असा नियम निघाला. मास्तर स्वतः टेपचं टोक धरून विहिरीशी उभे राहिले. सहा मीटर चाळीस.

"टेप तिरकी धरली असेल," मास्तर म्हणाले.

"तिरकी धरली तर अंतर वाढतं, मास्तर," निरीक्षक बाई नम्रपणे म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंयत."

नोटीस मास्तरांना मिळाली. पिळ्ळैंच्या घरापर्यंत जायला बाईंना त्या दिवशी वेळ झाला नाही. तेव्हापासून मास्तर आणि पिळ्ळै यांचं बोलणं बंद झालं. चुका मात्र पिळ्ळै चिठ्ठीवर लिहून फाटकाला अडकवू लागले.

"वस्तूंवर नको," जिन्सीनं नवा धडा दिला. "माणसांवर लिहा. एक फोटो, चार ओळी. घरातल्या माणसापासून सुरुवात करा. बघा, थेट काळजाला हात घालतं की नाही."

चार ओळींत माणूस कसा बसवायचा? मास्तर हाडाचे अभ्यासक. त्यांनी नमुने शोधायला घेतले. कविता पाहिल्या, त्यांत माणूस सापडला नाही. मग एके सकाळी चहाबरोबर पेपर उघडताना त्यांना उत्तर मिळालं, आणि इतकी वर्षं आपण ते रोज हातात धरत होतो याचं त्यांना हसूही आलं. इकडे पेपर मागून उघडतात. आधी निधनवार्तांचं पान, मग जग. मास्तर ते पान रोज भानुमतीला मोठ्यानं वाचून दाखवत. ती भाजी चिरता चिरता 'अगंबाई, हा आपल्या शाळेतला का?' म्हणायची. एका बोटाएवढ्या जागेत चेहरा, नाव, वय, गाव, धनी, मुलं कुठे कुठे आहेत ते सगळं. एक शब्द काढता येत नाही, एक घालता येत नाही. संक्षेपाचा याहून वरचा दर्जा मराठीत म्हणा, मल्याळममध्ये म्हणा, कुठल्या भाषेत कोणी गाठला असेल?

मास्तरांनी पत्नीवरचं टिपण त्याच घाटावर बेतलं. फोटोसाठी कपाट उपसलं. अलीकडच्या प्रत्येक फोटोत भानुमती दुसऱ्या कोणाला तरी वाढत होती. कॅमेऱ्याकडे बघणारा एकच फोटो निघाला, लग्नानंतरच्या वर्षातला, कृष्णधवल. खाली त्यांनी लिहिलं:

'भानुमती (६७), ओट्टपालम. अच्युत वारियर (निवृत्त शिक्षक) यांची पत्नी. मुलगा: हरिगोविंद (कॅनडा). कोणाला कधी वाकडा शब्द नाही. मीठ नेहमी कमी.'

शब्द मोजून मास्तर स्वतःवर खूश झाले. जिन्सीला दाखवायचं होतं, पण तिच्या टिपणात त्या दिवशी अक्कलदाढ अडली होती. शिवाय पेरिंतल्मण्णाला जायची वेळ झाली होती, भानुमतीची तपासणी होती. मास्तरांनी टिपण ब्लॉगवर टाकलं, बायकोला धरून रिक्षात बसवलं आणि निघाले. दवाखान्यात 'मोबाईल बंद ठेवावेत' अशी पाटी होती. इतर लोक ती डॉक्टरांच्या खोलीपुरती मानतात. मास्तरांनी फोन बंद केला तो संध्याकाळपर्यंत बंदच राहिला.

डॉक्टर या वेळी आवाज खाली न आणता बोलले. मास्तरांना ते जास्त वाईट वाटलं.

परतताना उन्हं उतरली होती. हमरस्त्यावरून आत वळायच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाला काळं निशाण बांधलेलं होतं.

"अरेरे," भानुमती पुढे वाकली. "आपल्याच बाजूला कोणीतरी गेलं. पौलोसची आई असेल. काल रात्रीपासून खोकत होती म्हातारी."

"निशाण चर्चच्या रस्त्याला नाही वळलं," रिक्षावाला म्हणाला. "सरळच चाललंय."

दुसऱ्या खांबालाही निशाण होतं, तिसऱ्यालाही.

"मग पिळ्ळैंकडे," भानुमती म्हणाली. "अहो, ते काही असो, आता विहिरीचं मनात ठेवू नका. मी साडी बदलते आणि आपण दोघं लगेच जाऊन येऊ. बाईमाणूस एकटी पडली असेल."

"जाऊ," मास्तर म्हणाले. पिळ्ळैंच्या चिठ्ठ्यांतलं अक्षर फार सुरेख असे.

पण निशाणं पिळ्ळैंच्या फाटकावरून पुढे गेली आणि मास्तरांच्या फाटकाशी संपली. अंगणात ताडपत्री ताणलेली. भाड्याच्या लाल खुर्च्या. खुर्च्यांत पांढरे मुंडू नेसलेली अर्धी गल्ली, शाळेतले जुने सहकारी, ग्रंथालयाची समिती. फाटकाला माणसाएवढा फ्लेक्स, त्यावर फुलांच्या चौकटीत एक कृष्णधवल तरुणी.

भानुमतीचा चष्मा पिशवीत होता. "ही पोरगी कोण हो?" तिनं विचारलं. मग आणखी पुढे होऊन पाहिलं. "मी एवढी बरी दिसायचे?"

ती रिक्षातून उतरली तेव्हा अंगणात जी शांतता पसरली, तशी खऱ्या मरणातसुद्धा पसरत नाही. फक्त कोपऱ्यात बसलेली गल्लीतली म्हातारी कल्याणी अम्मा रडत राहिली. तिनं भानुमतीकडे पाहिलं, ओळखलं, आणि तरी रडत राहिली. नंतर म्हणाली, आलेलं रडू मधेच थांबवलं की छातीत बसतं.

पिळ्ळै पुढे आले. सकाळपासून त्यांनीच सगळं उभं केलं होतं. वैर विहिरीपर्यंत, मरणाला सचिव हजर. आता त्यांच्या हातात पुष्पचक्र होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना समजत नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

"मी तेच विचारतोय. निधन झालं असं मी कुठं लिहिलंय? दाखवा."

"ते कोण वाचतं? काळा-पांढरा फोटो, नाव, धनी, मुलगा परदेशात. कंसात वय दिसलं की माणूस मुंडू बदलतो, मास्तर. सकाळी तुम्ही वहिनींना धरून रिक्षात घालताना पौलोसनं बघितलं. फोन लावला तर बंद. आम्ही समजलो, दवाखान्यातून आणायला वेळ लागतोय."

"तुमच्या त्या टिपणाला आज आठशे लोकांनी पाहिलं," जिन्सी हळूच म्हणाली. ती रडून सुजली होती, तरी आकडा तिला सांगावासा वाटलाच.

आता माणसं जमली होती, खुर्च्या होत्या, शोकसभेचा माईकही येऊन पडला होता. मरणाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पौलोस चेट्टनकडून कांजी, म्हणजे भाताची पेज, आणि मुगाचं मोठं पातेलं आलं होतं. ते परत कुठे पाठवायचं? सगळे तिथेच जेवले. भानुमती वाढायला उठली, तेव्हा चार बायकांनी तिला खाली बसवलं. मेलेल्या माणसानं आपल्या दिवशी तरी बसावं, असं कल्याणी अम्मा म्हणाली. भानुमतीनं कांजीचा घोट घेतला.

"मीठ जरा जास्त झालंय," ती म्हणाली. गल्ली हसली, आणि मग एकेक जण उगाच डोळे पुसू लागला.

हसले नाहीत ते मास्तर. त्यांनी फोन चालू केला होता. बंगळुरूच्या पुतण्यानं ते टिपण नातेवाइकांच्या गटावर टाकलं होतं, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. रांगेच्या मधोमध हरीच्या दोन ओळी होत्या. 'मी निघालोय. थांबा माझ्यासाठी.'

त्यांनी हरीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. तो आता आकाशात कुठेतरी होता. ब्लॉगवर मास्तरांनी ताबडतोब खुलासा टाकला: 'भानुमती (६७) हयात आहेत.' तो चार जणांनी पाहिला.

हरी आला तेव्हा सकाळ होती. निशाणं अजून खांबांवर होती. ती लावण्याची तरतूद संघाच्या नियमांत होती, काढण्याची नव्हती. गाडी थांबली, तो उतरला, फ्लेक्ससमोर उभा राहिला. केस पांढरे झाले होते त्याचे, आई-बापांच्या आधी. पायरीशी बूट काढून खाली मान घालून तो ओसरीवर चढला. मास्तर उठले. थोडक्यात काय सांगायचं?

आतून भानुमती आली. हातात चहाचा पेला.

"विमानात काही खाल्लंस का?" तिनं विचारलं.

हरी होता तिथेच पायरीवर बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. तो हसतोय की रडतोय हे पाठीवरून कळत नव्हतं. भानुमती त्याच्याशेजारी बसली, पेला खाली ठेवला, आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. चहा गार झाला. मास्तरांना माहीत होतं, असा गार झालेला चहा पुन्हा तापवला की कडू लागतो, त्यावर एक टिपणही झालं होतं. पण त्यांनी चहा तसाच राहू दिला.

तो आठवडा मास्तरांच्या घरात पूर्वीसारखा गेला. हरीनं बंद पडलेले दिवे बदलले. विहिरीच्या नोटिशीला उत्तर लिहिलं. पिळ्ळैंकडे जाऊन त्यांचाही शोषखड्डा मोजून आला, तो पाच मीटरच निघाला, आणि त्यानंतर दोघा वृद्धांचं बोलणं सुरू झालं. जेवताना भानुमती सवयीनं मिठाची बरणी त्याच्यापुढे सरकवायची. तो ती तशीच परत सरकवायचा.

"कमी नाही लागत?" मास्तरांनी विचारलं.

"कमीच आहे," हरी म्हणाला. "तिकडे बाहेरचं खाऊन मिठाचा वीट आलाय. असं कमी मीठ कुठे मिळत नाही, अच्छन."

तिसऱ्या दिवशी कुरियरनं पांढऱ्या फुलांचा डबा आला. हरीच्या कंपनीनं पाठवला होता, सोबत छापील शोकपत्र. भानुमतीनं फुलं स्टीलच्या तांब्यात घालून देवापुढे ठेवली. "वास नाही यांना," ती म्हणाली. "पण पाठवली हे चांगलं केलं त्यांनी."

त्या संध्याकाळी हरी बापाबरोबर नदीच्या कडेनं फिरायला गेला. वाळूतून पाण्याची बारीक धार चालली होती.

"झडप किती खराब आहे?" त्यानं विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"औषधांच्या डब्यानं."

मास्तरांनी सांगितलं. शब्द मोडला, पण विचारल्यावर खोटं सांगणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. मग त्यांनी मनात ठसठसत होतं ते विचारलं.

"तू ते वाचतोस का, हरी? ब्लॉग?"

"रोज. सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडून झाला की काच निवळेपर्यंत बसावं लागतं. तेव्हा."

"मग कधी दोन शब्द लिहिले नाहीस खाली."

"काय लिहू? तुम्ही एवढंसं लिहिता. त्यावर एवढंसं उत्तर सुचत नाही मला."

पाचवा वाचक सापडला होता. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. नदीवरचं बाष्प काचेवर बसलं असावं.

"कंपनीला कळवून टाक ना," ते म्हणाले. "चूक झाली म्हणावं. रजा परत घ्या."

"आई गेली म्हणून आलेला माणूस, आई जिवंत आहे असं कळवणार? खोटं बोलून रजा घेतली, असंच धरतील. आणि तिथं राहायचा माझा परवाना त्यांच्या नोकरीवर आहे." त्यानं चपलेतली वाळू झटकली. "आईसाठी ही रजा एकदाच मिळते, अच्छन."

रात्री ओसरीवर पुन्हा तोच विषय निघाला. जे कळायचं ते दोघांनाही कळलं होतं.

भानुमतीलाही कळलं होतं. त्या घरात भिंती पातळ होत्या, आणि ती तर नुसत्या किसणीच्या आवाजातही सगळं ऐकायची. निघायच्या सकाळी हरी पाया पडला आणि वाकलेलाच राहिला.

"अम्मा, पुढच्या वेळी जर..."

"पुढच्या वेळी यायलाच हवं असं नाही," ती म्हणाली. "माझ्या मरणाला आलास ना? मी घरात होते, मला वाढता आलं, तू जेवलास ते बघता आलं. कुठल्या आईला असं जमतं सांग. ऊठ आता, गाडी थांबलीय."

गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती. मग आत येऊन झोपाळ्यावर बसली आणि म्हणाली, "निशाणं काढायला सांगा पिळ्ळैंना. किती दिवस मरून राहायचं माणसानं."

ती गेली धनुमासात, सकाळच्या बारीक थंडीत, शेगडीवर चहाचं पाणी ठेवून. पाणी आटून भांडं करपल्याचा वास आला तेव्हा मास्तर आत गेले.

पिळ्ळै धावत आले. दाराशी थांबले, चप्पल काढून पुन्हा थांबले.

"मास्तर, रागावू नका. मी एकदा बघून घेतो."

"बघा," मास्तर म्हणाले.

पिळ्ळै आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही. मग निशाणं बांधायला गेले. ती त्यांनी धुऊन, घडी घालून ठेवली होती. फ्लेक्सही त्यांच्या मागच्या शेडमध्ये गुंडाळलेला होता. तोच आणून लावला. फक्त कंसातल्या सातावर आठाची चिठ्ठी चिकटवावी लागली. पिळ्ळैंनी ती आपल्या सुरेख अक्षरात लिहिली होती.

अंगण पुन्हा तसंच भरलं. कोणी कमी नव्हतं. हरीला जिन्सीनं फोनवर दाखवलं. कंपनीच्या कागदांवर त्याची आई कधीच वारली होती. ती पुन्हा कशी मरणार? परवान्याचं नूतनीकरण कार्यालयात अडकलं होतं, पासपोर्टही तिकडेच होता. तो गाडीत बसला होता, मागे पांढरी काच. या वेळी त्याचा चेहरा पूर्ण दिसत होता. भानुमतीला नेलं तेव्हा जिन्सीला डोळे पुसायला हात हवा होता, तसा पौलोस चेट्टननं फोन आपल्या हातात घेतला आणि शेवटपर्यंत सरळ धरला.

दुपारी पौलोस चेट्टनकडून कांजीचं पातेलं आलं. मास्तरांना कोणीतरी आग्रहानं दोन घोट पाजले.

माणसं पांगल्यावर जिन्सी ओसरीच्या कडेला टेकली. "मास्तर, आज राहू दे," ती म्हणाली. "रोज म्हणजे अगदी रोज असं नसतं."

"वाचक थांबला असेल," मास्तर म्हणाले.

त्यांनी फोन घेतला. फोटो लावला नाही. नाव नाही, वय नाही, गाव नाही. एकच ओळ लिहिली आणि जिन्सीपुढे धरली. ती वाचून जिन्सीनं मान हलवली. तिला त्यातलं काही काढायचं नव्हतं.

'आज कांजीत मीठ बरोबर होतं.'

ओसरीवर संध्याकाळचा दिवा कल्याणी अम्मानं लावला. मास्तर फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. विनिपेगला तेव्हा सकाळ होत असेल, बर्फ खरवडायची वेळ. थोड्या वेळानं पडदा उजळला. टिपणाखाली, जिथे आजवर कोणीच काही लिहिलं नव्हतं, तिथे चार शब्द आले होते.

'कमीच हवं होतं, अच्छन.'